सुजलेली पावले : बालकांतील लसिकादोष आणि त्यांचे चित्रण

२००१ सालची गोष्ट. सुरतेत माझी प्रॅक्टिस नुकतीच सुरू झाली होती. लिंबायत भागात राहणाऱ्या, मूळच्या खानदेशातील एका कुटुंबात मुलगी जन्मली आणि तिसऱ्या दिवशी तिला माझ्याकडे तपासणीसाठी आणले. वजन बेताचे, अंगावर ओढणे चांगले, रडणे खणखणीत. दोन्ही पावलांवर मात्र वरच्या बाजूने उशीसारखी सूज होती. आजीने विचारले, "डॉक्टरसाहेब, ही सूज कशाची?" मी पाय दाबून पाहिले, हृदयाचे ठोके ऐकले, लघवी तपासून घेतली. सारे ठीक वाटले. "पोटात पाय दुमडून राहिले असतील, उतरेल हळूहळू," असे सांगून मी मोकळा झालो. दीड-दोन वर्षांत सूज खरोखरच उतरली. डॉक्टरांचे म्हणणे खरे ठरले असे त्या कुटुंबाला वाटले. खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटले.

२०१४ साली तीच मुलगी तेरा वर्षांची होऊन पुन्हा समोर बसली. वर्गात सर्वांत बुटकी, वयात येण्याची कोणतीही खूण नाही. मानेच्या दोन्ही बाजूंना त्वचेची पुसट घडी आणि मागे केसांची रेषा बरीच खाली उतरलेली. गुणसूत्रांच्या तपासणीत ४६ ऐवजी ४५ गुणसूत्रे निघाली. दोन एक्सऐवजी एकच एक्स. हा टर्नर सिंड्रोम. हृदयाच्या सोनोग्राफीत महारोहिणीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या दिसल्या. अहवाल वाचून वडिलांनी विचारले, "साहेब, जन्मली तेव्हा पाय सुजले होते. त्याचा याच्याशी काही संबंध?"

संबंध होता. तोच तर पहिला पुरावा होता. तेरा वर्षे तो माझ्याच केसपेपरवर माझ्याच अक्षरात लिहिलेला होता.

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा मला ही पावले आठवली. बालकांतील लसिकासंस्थेचे दोष, त्यांच्यामागील जनुकीय आजार आणि त्यांचे चित्रण करण्याच्या आजच्या पद्धती यांविषयी येथे लिहीत आहे. डॉक्टर मित्रांना यातील काही माहिती परिचित असेल. परंतु मंडळाच्या सभासद कुटुंबांनाही ती समजावी म्हणून शक्य तितक्या सोप्या शब्दांत मांडतो.

सुरत आणि 'हाथीपगो'

दक्षिण गुजरातचा पट्टा हा पूर्वापार हत्तीरोगाचा प्रदेश. येथे सुजलेल्या पायाला गुजराती शेजारीच काय, आपली मराठी माणसेही 'हाथीपगो' म्हणूनच ओळखतात. घाण पाण्यात वाढणाऱ्या क्युलेक्स डासामुळे पसरणाऱ्या या रोगाविरुद्ध देशात १९५५ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि २००४ पासून बाधित जिल्ह्यांत घरोघर डीईसीच्या गोळ्या खाऊ घालण्याची मोहीम चालली. ही मोहीम अत्यंत आवश्यक होती. तिचा एक अनपेक्षित परिणाम असा, की कोणताही सुजलेला पाय दिसला की येथील माणूस, आणि कधीकधी डॉक्टरसुद्धा, निदान करून मोकळा होतो.

प्रौढ माणसाच्या बाबतीत हा अंदाज पुष्कळदा बरोबर ठरतो. बालकाच्या बाबतीत तो फसवा आहे. हत्तीरोगाचे जंतू डासाच्या पुनःपुन्हा चावण्याने शरीरात शिरतात, त्यांचे प्रौढ कृमी व्हायला कित्येक महिने लागतात आणि पाय कायमचा सुजायला बहुधा वर्षे जावी लागतात. जन्मतः किंवा पहिल्या काही महिन्यांत सुजलेल्या पायाचे खापर डासावर फोडता येत नाही. तेथे दोष बाहेरून आलेला नसून घडणीतलाच असतो, आणि तो घडणीतला असेल तर पायापुरताच असेल असे नाही. ही सूज शरीराने पाठविलेले एक पत्र असते. ते उघडून वाचावे लागते.

न दिसणारा प्रवाह

हृदयातून निघालेले रक्त धमन्यांतून सर्व अवयवांत जाते आणि शिरांवाटे परत येते, हे सर्वांना माहीत असते. पण केशवाहिन्यांतून काही द्रव व प्रथिने पेशींच्या भोवती झिरपतात आणि ती परत गोळा करण्याचे काम एक तिसरी, कमी प्रसिद्ध व्यवस्था करते. ती लसिकासंस्था. त्वचेखालच्या केसाहून बारीक नळ्यांतून हा द्रव उचलला जातो, मोठ्या वाहिन्यांतील झडपा त्याला एकाच दिशेने पुढे सारतात, वाटेत लसिकाग्रंथी त्याची गाळणी करतात आणि शेवटी छातीतील मुख्य वाहिनी, म्हणजे थोरॅसिक डक्ट, मानेच्या डाव्या बाजूला शिरेत रिकामी होते. प्रौढ माणसात या एका वाहिनीतून दिवसाला दोन लिटरांच्या आसपास लसिका वाहते. आहारातील स्निग्ध पदार्थही आतड्यांतून याच मार्गाने रक्तात पोहोचतात. म्हणून जेवणानंतर आतड्यांकडील लसिका दुधासारखी पांढरी होते.

सुरतेच्या माणसाला ही व्यवस्था आणि तिचा बिघाड समजावून सांगायला फार लांब जावे लागत नाही. पावसाळ्यातील 'खाडीपूर' आपण जाणतो. मिठी खाडी तुंबली की लिंबायत आणि पर्वत पाटियाच्या गल्ल्यांत पाणी भरते. हे पाणी भरण्याची कारणे तीन असू शकतात. गल्लीतील गटारांची तोंडेच पाणी आत घेत नसतील. नाल्यांवरील दरवाजे नीट बंद न झाल्याने पुढे गेलेले पाणी मागे फिरत असेल. किंवा खाडीचे मुखच अडलेले असेल. घरातील पाणी तिन्ही वेळा सारखेच दिसते, पण दुरुस्ती करायची जागा प्रत्येक वेळी निराळी असते. लसिकादोषांचेही नेमके असेच आहे. सुजलेला पाय पाहून यांपैकी काय बिघडले आहे ते कळत नाही. ते कळावे म्हणूनच चित्रण करायचे.

घडणीतले दोष

गर्भाच्या मानेत दोन्ही बाजूंना लसिकेच्या पिशव्या तयार होतात आणि त्या शेजारच्या शिरांना जोडल्या जातात. टर्नर सिंड्रोममध्ये हा जोड नीट होत नाही किंवा उशिरा होतो. गर्भाच्या मानेवर पाण्याची गाठ साचते, हातापायांवर सूज येते. पुढे वाट मोकळी झाली की गाठ ओसरते. ताणलेल्या त्वचेची घडी मात्र मानेवर राहते. पूर ओसरल्यावर भिंतीवर पाण्याची रेषा राहावी, तशी. दोन ते अडीच हजार मुलींमागे एकीला हा विकार असतो. अशा बाळाच्या पायांची सूज बहुधा दोन वर्षांच्या आत उतरते आणि नेमके त्यामुळेच निदान निसटते. सूज गेली म्हणजे आजार गेला असे नसते. महारोहिणी अरुंद असणे, तिच्या झडपेला दोनच पाकळ्या असणे, दोन्ही मूत्रपिंडे जोडलेली असणे, उंची खुंटणे, बीजांडे अकाली निकामी होणे, हे सारे मागे उरलेलेच असते.

नूनन सिंड्रोम मुलगे व मुली दोघांतही आढळतो. डॉ. जॅकलिन नूनन या अमेरिकन बालहृदयरोगतज्ज्ञ स्त्रीने १९६० च्या दशकात त्याचे वर्णन केले. दूर अंतरावरचे, किंचित तिरपे डोळे, खाली बसलेले कान, बुटकेपणा, फुफ्फुसधमनीची अरुंद झडप ही त्याची ओळख. २००१ साली पीटीपीएन११ या जनुकातील दोष त्याच्या मुळाशी असल्याचे कळले. सुमारे निम्म्या रुग्णांत हाच दोष सापडतो. या मुलांत लसिकेचा बिघाड पायापेक्षा छातीत आणि पोटात अधिक घातक ठरतो. फुफ्फुसाभोवती दुधाळ लसिका साचते किंवा आतड्यांतून प्रथिने गळत राहतात.

तिसरा गट केवळ लसिकासंस्थेच्याच जनुकांचा. १८९२ साली डॉ. विल्यम मिलरॉय यांनी जन्मतः सुजलेल्या पायांचे एक घराणे वर्णिले. या आजारात व्हीईजीएफआर-३ नावाच्या ग्राहक-प्रथिनाचे जनुक सदोष असते आणि तो पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. एफओएक्ससी२ या जनुकाच्या दोषात सूज जन्मतः नसते, ती वयात येताना सुरू होते; आणि पापणीच्या कडेला केसांची एक जादा ओळ असते. पाय सुजलेल्या मुलाची पापणी उलटून पाहणारा डॉक्टर म्हणूनच वेडा नव्हे. हेनेकाम सिंड्रोममध्ये आतड्यांतील लसिकावाहिन्या फुगलेल्या असतात, रक्तातील अल्ब्युमिन घसरते आणि वाढ व बुद्धी दोन्ही मागे पडू शकतात. हा दोष आई आणि वडील दोघांकडून आल्यावरच प्रकट होतो. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत अनेक घरांत आहे. तेव्हा अशा मुलाच्या आईवडिलांचे नाते विचारणे हा आगाऊपणा नसून तपासणीचाच भाग आहे.

अदृश्याचे चित्र : एक जुना शोध

लसिकावाहिन्या पारदर्शक आणि नाजूक. १६२२ साली इटलीतील गास्पारे आझेली याने नुकत्याच खाऊ घातलेल्या कुत्र्याचे पोट उघडले तेव्हा आतड्यांच्या पडद्यावर त्याला पांढरे धागे दिसले. ते कापताच दुधासारखा द्रव वाहू लागला. कुत्रा उपाशी असता तर काहीच दिसले नसते. या घटनेत लसिकेच्या चित्रणाचे सारे शास्त्र सामावले आहे : लसिका स्वतः दिसत नाही, तिच्यात काहीतरी मिसळावे लागते.

१९५२ साली लंडनचे शल्यविशारद जॉन किन्मंथ यांनी माणसात हे साधले. पायाच्या बोटांच्या बेचक्यात निळा रंग टोचायचा, त्याने रंगलेली वाहिनी छेद देऊन शोधायची आणि तिच्यात बारीक सुई घालून क्ष-किरणांत दिसणारे औषध सोडायचे. तासन्‌तास चालणारे हे काम प्रौढांतही कठीण. तान्ह्या बाळाच्या पायात तर जवळजवळ अशक्य. त्यामुळे बालरोगतज्ज्ञांसाठी लसिकासंस्था बराच काळ पुस्तकातील आकृतीच राहिली.

आजची साधने

*सोनोग्राफी.* पहिली पायरी हीच. किरणोत्सर्ग नाही, भूल नाही, खर्च कमी. मानेतील किंवा काखेतील लसिकेच्या गाठी, फुफ्फुसाभोवतीचे पाणी, पोटातील जलोदर आणि शिरेतील अडथळा तिच्यात समजतात. १९९४ साली ब्राझीलमधील संशोधकांनी हत्तीरोगाचे जिवंत कृमी पुरुषांच्या वृषणकोशातील लसिकावाहिन्यांत वळवळताना सोनोग्राफीवर दाखविले. हृदयाची आणि मूत्रपिंडांची सोनोग्राफी ही सुजलेल्या पायांच्या नवजात बाळात लसिकेच्या कोणत्याही तपासणीआधी व्हावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

गर्भावस्थेतही सोनोग्राफी हाच पहिला साक्षीदार. अकरा ते चौदा आठवड्यांदरम्यान गर्भाच्या मानेमागील पारदर्शक पट्टी मोजली जाते. ती ३.५ मिलिमीटर किंवा अधिक असल्यास गुणसूत्रांची तपासणी सुचविली जाते. गुणसूत्रे ठीक निघाली तरी नूननचा विचार मनात ठेवावा लागतो. गर्भलिंग सांगण्यास बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यानेही गुणसूत्रांच्या विकारांसाठीच्या तपासणीला, नोंदणी व संमतीच्या अटींवर, वाट ठेवली आहे. पालकांनी या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

*लिम्फोसिंटिग्राफी.* हातापायांच्या सुजेसाठी अजूनही हीच मुख्य तपासणी. टेक्निशियम-९९एम या किरणोत्सर्गी द्रव्याला चिकटविलेले अतिसूक्ष्म कण बोटांच्या बेचक्यात, इन्सुलिनच्या सुईसारख्या बारीक सुईने त्वचेखाली टोचतात. ते कण रक्तात सहज शिरू शकत नाहीत. त्यांना लसिकेचाच रस्ता धरावा लागतो. गॅमा कॅमेरा त्यांचा प्रवास टिपतो. निरोगी मुलात तासाभरात जांघेतील ग्रंथी उजळतात. टेक्निशियमचे अर्धायुष्य सहा तासांचे, त्यामुळे दुसऱ्या दिवशी शरीरात ते फारसे उरत नाही आणि किरणांची मात्रा अल्प असते. या शास्त्राला आपल्या शेजारीच मोठी परंपरा आहे : भाभा अणुसंशोधन केंद्राचे परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून कार्यरत आहे.

ही तपासणी साधी, पण चुकण्याच्या जागा अनेक. सुई खोल गेली, मूल गाढ झोपले आणि पाय हललेच नाहीत, किंवा चित्रे फार लवकर थांबविली, तर निरोगी पायही रोगी दिसू शकतो. आधी बधिर करणारे मलम लावावे, टोचल्यावर पावलाला हलके चोळावे, चालत्या मुलाला चालवावे आणि उशिराची चित्रेही घ्यावीत.

*हरित रंगाचे चित्रण.* इंडोसायनिन ग्रीन हा रंग त्वचेत टोचला की अवरक्त प्रकाशात तो चकाकतो आणि खास कॅमेऱ्यावर वाहिन्या जिवंत हलताना दिसतात. किरणोत्सर्ग नाही. पण नजर त्वचेखाली एक-दोन सेंटिमीटरपर्यंतच पोहोचते. छातीपोटातील काही कळत नाही.

*एमआरआय.* छाती व पोटातील मुख्य वाहिन्यांसाठी हे साधन. औषध न टोचताही, केवळ साचलेल्या द्रवावर लक्ष केंद्रित करणाऱ्या प्रतिमांतून पुष्कळ समजते. त्यापुढची पायरी म्हणजे सोनोग्राफीच्या मदतीने जांघेतील लसिकाग्रंथीत बारीक सुई घालून गॅडोलिनियम सोडणे आणि ते वर कसे चढते हे क्षणाक्षणाला पाहणे. गेल्या दशकाहून अधिक काळात अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या केंद्रांनी ही पद्धत रूढ केली. यास भूल आणि अनुभवी हात दोन्ही लागतात. म्हणून ती मोठ्या केंद्रांतच व्हावी.

*लिपिओडॉल.* हे तेलकट औषध ग्रंथीत सोडून क्ष-किरणांत पाहता येते. क्वचित गळती त्याने बुजतेही. डॉक्टर मित्रांसाठी येथे दोन सावधगिरीच्या सूचना. हृदयात उजवीकडून डावीकडे रक्त जाणारे छिद्र असेल तर तेलाचे थेंब मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. नूननच्या मुलांत हृदयदोष वारंवार असतात, म्हणून आधी हृदयाची सोनोग्राफी अनिवार्य. आणि त्यातील आयोडीनमुळे तान्ह्या बाळाची थायरॉइड ग्रंथी मंदावू शकते. नंतर काही आठवडे तिच्या तपासण्या कराव्यात.

दोन जनुके, दोन चित्रे

चित्रण काय शिकविते, याचे सुंदर उदाहरण म्हणजे मिलरॉय आणि एफओएक्ससी२. मिलरॉयमध्ये टोचलेले द्रव्य पावलातच राहते. जांघेतील ग्रंथी उजळतच नाहीत. वाहिन्या नाहीत असे नव्हे; सूक्ष्म वाहिन्या जागेवर असतात, पण पाणी उचलत नाहीत. गटाराची तोंडे बंद. एफओएक्ससी२ मध्ये उलट : द्रव्य उचलले जाते, वर जाते आणि झडपा निकामी असल्याने खाली परतून त्वचेत पसरते. दरवाजे नादुरुस्त. बाहेरून दोन्ही मुलांचे पाय सारखेच जड, पण कॅमेऱ्यावर दोन निराळ्या कथा.

काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाने आपल्या आठ महिन्यांच्या मुलाला आणले. वडिलांचे पाय सुजलेले, आजीचेही. "आमच्या घराण्याचे पायच असे, साहेब," असे सांगत वडील दरवर्षी प्रामाणिकपणे मोहिमेच्या गोळ्या घेत होते आणि सूज उतरत नाही म्हणून औषधाला दोष देत होते. बाळाच्या चित्रात पावलांवर दोन तेजस्वी ठिपके आणि वर सर्वत्र काळोख. पुढे जनुकीय तपासणीने मिलरॉयवर शिक्कामोर्तब केले. आजार बरा होणारा नव्हता, पण आजी रडली ती सुटकेने. गावात लोक तिच्या पायांना नावे ठेवीत आणि ती स्वतःला रोग पसरविणारी समजत होती.

तरीही चित्रावर अतिविश्वास नको. हत्तीरोगात वाहिन्या फुगून झडपा निकामी झाल्या की तेथेही द्रव्य मागे फिरते. म्हणजे काही वेळा जनुकीय आणि कृमिजन्य दोषांची चित्रे एकमेकांसारखी दिसतात. तेथे वय, कुटुंबाचा इतिहास आणि हत्तीरोगाची रक्तातील अँटिजेन चाचणी, हे तिन्ही जोडूनच निदान करावे.

केरळमधील अलप्पुळा येथे डॉ. आर. के. शेणॉय आणि सहकाऱ्यांनी केलेले काम या संदर्भात आपल्याला अभिमान वाटावा असे आहे. तेथील हत्तीरोगाचा कृमी सुरतेतील कृमीहून वेगळ्या जातीचा. ज्या मुलांच्या रक्तात संसर्ग होता पण पाय अगदी ठीक दिसत होते, अशांचेही त्यांनी सोनोग्राफी व लिम्फोसिंटिग्राफीने चित्रण केले. वाहिन्या आतून आधीच फुगलेल्या आढळल्या. आणि मोहिमेत देतात त्याच मात्रेत औषधे दिल्यावर मुलांतील हे बदल पुष्कळ अंशी परत फिरले, असे २००९ साली त्यांनी प्रसिद्ध केले. हा धडा दोन्ही बाजूंनी महत्त्वाचा आहे. प्रत्येक सुजलेला पाय हत्तीरोगाचा नसतो; आणि पाय सुजलेला नाही म्हणून हत्तीरोग नाही, असेही नसते. दोन वर्षांवरील मुलांना मोहिमेत गोळ्या मिळत असतील तर, मूल गंभीर आजारी नसल्यास, त्या टाळू नयेत.

छातीतील दुधाळ पाणी

सर्वांत मोठी कसोटी लागते ती फुफ्फुसाभोवती लसिका साचलेल्या बाळात. दूध सुरू झालेल्या बाळाच्या छातीतून काढलेल्या पाण्यात ट्रायग्लिसराइड ११० मिलिग्रॅमपेक्षा अधिक आणि पेशींपैकी ८० टक्क्यांहून अधिक लिम्फोसाइट असतील, तर ते पाणी लसिकेचे. पहिला उपचार आहाराचा. नेहमीची स्निग्धे लसिकेवाटे जातात, तर मध्यम साखळीची स्निग्धे थेट रक्तात शोषली जातात. म्हणून एमसीटी तेलावर आधारित दूध देतात. घरोघरी सुचविले जाणारे खोबरेल तेल त्याला पूर्ण पर्याय नव्हे. त्यातील मोठा वाटा असलेले लॉरिक आम्ल बऱ्याच अंशी लसिकेवाटेच जाते.

पाणी थांबले नाही तर पूर्वी एकच विचार येई : छातीतील मुख्य वाहिनी बांधून टाकावी. एमआरआयने या विचाराला लगाम घातला. एखाद्या वाहिनीला शस्त्रक्रियेत इजा होऊन गळती असेल तर ती बांधणे किंवा बंद करणे योग्यच. पण नूननसारख्या आजारात अख्खी मध्यवर्ती व्यवस्थाच बिघडलेली असते आणि लसिका मागे फिरून फुफ्फुसांत व आतड्यांत शिरते. तेथे उरलीसुरली मुख्य वाट बांधली तर छातीतले पाणी पोटात जाते. खाडीचे मुख आधीच अडलेले असताना उरलेला नालाही बुजविण्यासारखे ते होईल. म्हणून अशा मुलात आधी चित्र, मग शस्त्र.

अलीकडे औषधांचीही दिशा सापडू लागली आहे. २०१९ साली फिलाडेल्फियाच्या बाल रुग्णालयातील संशोधकांनी बारा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याच्या एआरएएफ जनुकातील दोष नूननच्या जनुकांच्याच रासायनिक साखळीतला होता. कर्करोगासाठी तयार झालेले ट्रामेटिनिब हे औषध दिल्यावर त्याचा श्वास सुधारला, पायांची सूज ओसरली आणि पुन्हा केलेल्या चित्रणात लसिकावाहिन्यांची रचनाच बदललेली दिसली. एका मुलावरून सर्वांना औषध देता येत नाही, दुष्परिणामही आहेत. पण जनुक, चित्र आणि औषध ही तीन टोके प्रथमच एका धाग्यात आली, हे महत्त्वाचे.

दवाखान्यात आणि घरी

माझ्या सामान्य वैद्यक मित्रांना एवढेच सुचवितो. नवजात बाळाची पावले मोजे काढून पाहा. सूज असेल तर दुसऱ्या बोटाच्या मुळाशी त्वचेची चिमटी घेऊन पाहा. ती येत नसेल तर सूज बहुधा लसिकेची. मान, केसांची रेषा, स्तनाग्रांमधील अंतर, पापण्या आणि मांड्यांतील नाडी तपासा. मुलगी असेल तर गुणसूत्रांची तपासणी पुढे ढकलू नका. हृदय व मूत्रपिंडांची सोनोग्राफी करा. रक्तातील अल्ब्युमिन पाहा. आणि मग लसिकेचे चित्र हवे असेल तर चिठ्ठीवर केवळ 'पायाची सूज' असे न लिहिता प्रश्न लिहा : द्रव्य उचलले जाते का? मागे फिरते का? गळती कोठून आहे? ज्या चित्राने पुढील निर्णय बदलणार नाही ते चित्र, बाळाला भूल देऊन आणि बापाला कर्जात घालून, काढू नये.

पालकांनी त्वचेची निगा राखावी. रोज धुणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे, भेगांना मलम, मापाची पादत्राणे, मोठ्या मुलांना तज्ज्ञांनी मोजून दिलेले दाबाचे मोजे. पाय अचानक लाल, गरम झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. प्रत्येक जंतुसंसर्ग उरलेल्या वाहिन्यांपैकी काही नष्ट करून जातो. आणि सूज उतरली तरी पहिल्या सुजेची नोंद असलेला कागद जपून ठेवावा.

लेखाच्या आरंभीची मुलगी आता पंचविशीच्या आसपास आहे. उशिरा का होईना, वाढीचे संप्रेरक आणि पुढे स्त्री-संप्रेरके तिला मिळाली. उंचीचे काही सेंटिमीटर जे हुकले ते हुकलेच. ती शाळेत शिकविते आणि महारोहिणीचे माप घेण्यासाठी ठरल्या वेळी हृदयाची तपासणी न चुकता करून घेते. तिच्या पायांच्या लसिकेचे चित्र आम्ही कधीच काढले नाही. त्याची गरजही नव्हती. तिच्यासाठी योग्य चित्रे दोनच होती, गुणसूत्रांचे आणि हृदयाचे, आणि ती दोन्ही २००१ साली सुरतेहून फार दूर नसलेल्या ठिकाणी काढता आली असती. गरज होती ती फक्त सुजलेल्या दोन पावलांकडे पाहून एक प्रश्न विचारण्याची.

तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नवजात बाळाचे मोजे मी स्वतः काढतो. हा लेख वाचून आपल्यापैकी आणखी काहींनी तसे केले, तर त्या कुटुंबाचे माझ्यावरील ऋण थोडेतरी फिटले असे मी समजेन.